विक्षिप्त गुप्तहेर आणि विनोदी रहस्यमालिका

विनोदी रहस्यमालिका म्हणजे गुन्ह्याचा गंभीर शोध आणि शोधकर्त्याच्या स्वभावातील गंमत यांची सांगड घालणारी मालिका होय. 1985 साली दूरदर्शनवर आलेली, पंकज पराशर दिग्दर्शित ‘करमचंद’ ही मालिका या प्रकाराचे ठळक भारतीय उदाहरण असून, मुंबईपासून राळेगावसारख्या तालुक्याच्या गावापर्यंत दूरचित्रवाणी म्हणजे दूरदर्शनच असण्याच्या त्या काळात काळा चष्मा लावून गाजर खाणारा पंकज कपूर यांचा गुप्तहेर घरोघरी परिचित झाला.

हा विक्षिप्तपणा केवळ हसवण्यासाठी नसतो. वेंधळ्या दिसणाऱ्या माणसासमोर संशयित बेसावध होतात, आणि त्यांच्या बोलण्यातूनच सुगावा, म्हणजे गुन्ह्याकडे नेणारा बारीकसा पुरावा, हाती लागतो. अमेरिकी मालिकेतील चुरगळलेल्या रेनकोटातला कोलंबो हेच तंत्र वापरतो. ‘करमचंद’मध्ये सुश्मिता मुखर्जी यांनी रंगवलेल्या किटीसारखी सहायक व्यक्तिरेखा प्रेक्षकांच्या मनातले भाबडे प्रश्न विचारते आणि त्यामुळे गुंतागुंतीचा तर्क सोप्या भाषेत उलगडतो, तर विनोदामुळे खुनाच्या कथेतील ताण सैलावून ती सहकुटुंब पाहता येते.

भा. रा. भागवतांच्या किशोरकथांतला फास्टर फेणे विक्षिप्त नसला, तरी ‘ट्टॉक्’ असा आवाज करणारा हा किरकोळ अंगकाठीचा मुलगाही दूरदर्शनच्या पडद्यावर आला, तेव्हा सुमीत राघवन यांनी ती भूमिका केली. शारीरिक बळापेक्षा निरीक्षण श्रेष्ठ ठरते आणि चारचौघांहून वेगळा माणूसच सत्यापर्यंत पोहोचतो, हा दिलासा या प्रकाराच्या लोकप्रियतेचे खरे कारण आहे.