शहाडच्या पुलावरून चार निवडणुका

शहाड स्टेशनात सेंच्युरी रेयॉनच्या बाजूला उतरलं की उल्हासनगर, म्हणजे कल्याण लोकसभा. पुलावरून पलीकडे गेलं की कल्याण पश्चिम, म्हणजे भिवंडी लोकसभा. २००८ च्या पुनर्रचनेत ही रेघ पडली. त्याआधी सारं कल्याण ठाण्याच्या खासदाराकडे होतं. आजही कल्याण पश्चिमेतल्या कुणाला खासदार कोण म्हणून विचारलं, तर पुष्कळदा शेजारच्या मतदारसंघाच्या खासदाराचं नाव सांगतात.

भिवंडीचे यंत्रमाग, कल्याणची नोकरदार वस्ती, बदलापूरच्या नव्या इमारती आणि शहापूर, मुरबाड, वाड्याची भातखाचरं, सगळं या एका मतदारसंघात आलं. २००९ ची पहिली लढत काँग्रेसचे सुरेश टावरे यांनी जिंकली. भाजपचे जगन्नाथ पाटील सुमारे ४१ हजारांनी मागे राहिले आणि मनसेच्या उमेदवाराला लाखाच्या वर मतं पडली. निकालाची किल्ली तिथे होती.

२०१४ ला मोदी लाट आली. राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये आलेले कपिल पाटील लाखाच्या फरकाने निवडून आले, २०१९ ला तो फरक दीड लाखावर गेला. या दोन निवडणुकांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. २०२१ मध्ये पाटील केंद्रात पंचायती राज खात्याचे राज्यमंत्री झाले. मतदारसंघाला पहिल्यांदाच मंत्रिपद मिळालं होतं, त्यामुळे २०२४ ची जागा त्यांचीच, असं कल्याणात बरेच जण धरून चालले होते.

२० मे २०२४ ला मतदान झालं. शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे सुरेश म्हात्रे, म्हणजे बाळ्यामामा, हेच २०१४ ला मनसेकडून लढून तिसरे आले होते. या वेळी ते ४,९९,४६४ मतं घेऊन निवडून आले. पाटलांना ४,३३,३४३ मतं पडली. भिवंडी शहर म्हात्र्यांच्या मागे एकवटलं होतं, हे खरं. पण मला महत्त्वाचा वाटतो तो तिसरा आकडा. झडपोलीच्या ‘जिजाऊ’ संस्थेचे नीलेश सांबरे अपक्ष उभे होते, त्यांना २ लाख ३१ हजारांवर मतं मिळाली. विजयाचा फरक ६६ हजारांचा.

याला ‘मतविभागणी’ म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. मोठा पक्ष पाठीशी नसलेल्या माणसाला सव्वादोन लाखांवर लोक मत देतात, तेव्हा त्यांना काही सांगायचं असतं. सांबऱ्यांचं नाव गावागावांत पोहोचलं ते शाळा, दवाखाना आणि स्पर्धा परीक्षांच्या मोफत वर्गांमुळे. सरकारकडून जे मिळायला हवं होतं ते एका संस्थेने दिलं आणि लोकांनी ते लक्षात ठेवलं.

हे मतदार काय सांगत होते, हे शहाडात कळायला अवघड नाही. इथे उल्हास नदीचं पाणी पंपांनी उचलतात, ते टेमघरला शुद्ध होऊन भिवंडीला, ठाण्याला, मीरा-भाईंदरला जातं. हे पाणी पुरवणाऱ्या ‘स्टेम’ प्राधिकरणाचं नावच शहाड आणि टेमघर या दोन गावांवरून पडलं. याच रेल्वेने पुढे गेलं की शहापूर तालुका. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं तिथली, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. मतदान झालं ते दिवस टँकरचेच होते. सकाळच्या कसारा लोकलमधून रानभाजीचे भारे घेऊन कल्याणला उतरणाऱ्या बायका याच पाड्यांवरून येतात. कल्याण पश्चिमेतला मतदार त्यांच्याकडून भाजी घेतो, पण त्यांचा आणि आपला खासदार एकच, हे त्याच्या ध्यानात नसतं.

पुढच्या निवडणुकीत उमेदवार शहाडला मत मागायला येईल. पुलावरच्या वाहतूक कोंडीबद्दल त्याला जरूर विचारा. त्याचबरोबर शहापूरच्या पाड्यांवरचा टँकर कधी बंद होणार, हेही विचारा.