बॉम्बच्या गाडीतून अंतराळवारी!

समजा, अणुयुद्ध झालं. शहरं बेचिराख झाली. आणि त्या राखेतून उठून सोव्हिएत मंडळी थेट अंतराळात पोचली! 'असं झालं असतं तर' छापाच्या कादंबऱ्या, गेम्स आणि वेबसिरीजचा हा हमखास हिट मसाला. पण माहीत आहे का? खरा इतिहास याहून झणझणीत आहे. घ्या तर, एकेक प्लेट गरमागरम!

राख ते रॉकेट, १२ वर्षांत
अणुयुद्ध झालं नाही, पण राख मात्र खरीच होती. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली. सरकारी हिशेबानुसार १,७१० शहरं आणि ७० हजारांहून जास्त खेडी उद्ध्वस्त झाली. युद्ध संपलं १९४५ मध्ये आणि जगातला पहिला कृत्रिम उपग्रह स्पुतनिक उडाला ४ ऑक्टोबर १९५७ ला. आपल्याकडे कधीकधी एक उड्डाणपूल यापेक्षा जास्त वेळ खातो!

गाडी बॉम्बची, स्वारी स्पुतनिकची
स्पुतनिकला वर नेणारं आर-७ रॉकेट मुळात बांधलं होतं अमेरिकेवर हायड्रोजन बॉम्ब टाकायला. बॉम्ब फार अवजड असणार, या अंदाजाने रॉकेटही तसंच दणकट केलं. त्याच्यापुढे ८३.६ किलोचा स्पुतनिक म्हणजे ट्रकमध्ये ठेवलेला नारळ! गंमत म्हणजे, क्षेपणास्त्र म्हणून आर-७ अगदीच गैरसोयीचं. उडवायच्या आधी तासन्‌तास तयारी. शत्रू तेवढा वेळ थांबणार थोडाच!

सगळ्यांनी पाहिलं, पण काय?
स्पुतनिक बघायला जगभर लोक रात्री गच्चीवर. 'तो बघ, तो बघ!' पण स्पुतनिक होता जेमतेम ५८ सेंटिमीटरचा गोळा. नुसत्या डोळ्यांना दिसत होता तो बहुतेक वेळा त्याच्या मागून फिरणारा रॉकेटचा रिकामा सांगाडा. नाव नवरदेवाचं, वरातीत मिरवला घोडा!

पत्ता चुकीचा, मुद्दाम!
स्पुतनिक जिथून उडाला तो बैकोनूर तळ बैकोनूरला नव्हताच. त्या नावाचं खरं गाव तिथून तीनशेहून जास्त किलोमीटर लांब. तळ होता त्युराताम या रेल्वे स्टेशनाजवळ. हेरांना चकवायला कागदावर दुसरंच नाव टाकलं आणि तेच जगप्रसिद्ध झालं.

कैदी ते चीफ डिझायनर
या सगळ्याचा कर्ताधर्ता सर्गेई कोरोल्योव. १९३८ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी पकडून त्याला कोलिमाच्या छावणीत धाडलं, तिथे त्याचे कितीतरी दात गेले. पुढे त्यानेच देशाला अंतराळात नेलं, तरी जगाला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. ते जाहीर झालं जानेवारी १९६६ मध्ये. केव्हा? तो गेल्यावर.

१०८ मिनिटं आणि एक पाकीट
१२ एप्रिल १९६१. युरी गागारिन पृथ्वीला चक्कर मारून १०८ मिनिटांत परत. तेवढ्यात मुंबईहून सुटलेली डेक्कन क्वीन जेमतेम घाटाला लागते! अंतराळात माणसाचं डोकं फिरलं तर? या भीतीने यान हाताने चालवायची कळ लॉक केली होती. उघडायचा कोड, १२५, बंद पाकिटात. पण परीक्षेआधीच पेपर फुटला! वरिष्ठांनी कोड त्याच्या कानात आधीच सांगून टाकला होता.

आणि तो यानातून उतरलाच नाही. वरच बाहेर पडला आणि पॅराशूटने शेतात आला. समोर एक आजी आणि तिची नात, नारिंगी सुटातलं ते ध्यान बघून हबकलेल्या. ही पॅराशूटची गोष्ट मात्र 'यानासकटच उतरायला हवं' हा विक्रमाचा नियम आड येईल म्हणून बरीच वर्षं झाकून ठेवली.

व्हाइट हाउसची सोव्हिएत सूनबाई
ऑगस्ट १९६० मध्ये स्त्रेल्का ही कुत्री अंतराळातून जिवंत परतली. तिचं पिल्लू पुशिंका १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या घरी भेट म्हणून गेलं. अंगात मायक्रोफोन तर नाही ना, याची तपासणी झाली. मग तिचं तिथल्या चार्ली या कुत्र्याशी जमलं, चार पिल्लं झाली. केनेडी गमतीने त्यांना म्हणायचे 'पपनिक'! शीतयुद्धातली ही एकमेव ऊबदार सोयरीक.

मंगळ थांबा, आधी युद्ध!
आता जरा श्वास रोखा. ऑक्टोबर १९६२, क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिकेशी पेच. बैकोनूरला मंगळावर जाणारं रॉकेट तयारीत. रॉकेट तज्ज्ञ बोरिस चेर्तोक यांनी आठवणींत लिहिलंय की ते बाजूला घेण्याचा हुकूम आला, कारण त्या तळावर अण्वस्त्रवालं आर-७ उभं करायचं होतं. गाडी तीच, फक्त स्वारी बदलायची!

त्याच दिवसांत, २७ ऑक्टोबरला, बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीत अणू-टॉर्पेडो सोडायची भाषा सुरू झाली. वासिली अर्खिपोव या अधिकाऱ्याने 'नाही' म्हटलं. एका नकारावर जग तरलं. पेच सुटला आणि १ नोव्हेंबरला मंगळाचं यान उडालंही!

अंतराळात पिस्तूल? हो!
मार्च १९६५ मध्ये अलेक्सेई लिओनोव यानाबाहेर तरंगणारा पहिला माणूस ठरला. त्याने वर रंगीत पेन्सिली नेल्या आणि सूर्योदयाचं चित्र काढलं. परतताना यान भरकटलं ते बर्फाळ जंगलात, जिथे लांडगे आणि अस्वलं. तेव्हापासून लिओनोवने धोशा लावला आणि पुढे अंतराळवीरांच्या सामानात तीन नळ्यांचं खास पिस्तूल आलं. परग्रहवासीयांसाठी नव्हे, अस्वलासाठी!

चंद्राचं रॉकेट झालं छप्पर
'फॉर ऑल मॅनकाइंड' या वेबसिरीजमध्ये चंद्रावर पहिलं पाऊल लिओनोवचं. निव्वळ कल्पना? छे! त्याची चांद्रमोहिमेची तयारी खरोखर सुरू होती. पण एन-१ रॉकेट चारदा उडवलं आणि चारही वेळा फसलं. ३ जुलै १९६९ ला तर ते तळावरच कोसळलं. अठरा दिवसांच्या आत अमेरिकन चंद्रावर! उरलेल्या एन-१ चे तुकडे पुढे बैकोनूरच्या आसपास शेड आणि छपरं म्हणून कामी आले. भंगारवालेही खूश.

मेट्रोत बाळंतपण
दिमित्री ग्लुखोव्स्कीच्या 'मेट्रो २०३३' कादंबरीत अणुयुद्धातून वाचलेली माणसं मॉस्कोच्या मेट्रोत संसार थाटतात. कल्पना भन्नाट, पण रिहर्सल आधीच झालेली! १९४१ च्या हवाई हल्ल्यांत मॉस्कोकर याच मेट्रोत आसऱ्याला यायचे. तिथे दोनशेहून जास्त बाळं जन्मली. पुढचं स्टेशन: प्रसूतिगृह!

शुक्रावर गेले, झाकण मोजून आले
१९८२ मध्ये व्हेनेरा-१४ हे सोव्हिएत यान शुक्रावर उतरलं. कॅमेऱ्याचं झाकण उडून खाली पडलं. जमीन किती कडक हे तपासणारा दांडा खाली आला, तो नेमका त्या झाकणावर! कोट्यवधी किलोमीटर जाऊन मोजलं काय? स्वतःचंच झाकण.

तिसरा हात कुठून आणू?
२६ सप्टेंबर १९८३. अमेरिकेने पाच क्षेपणास्त्रं सोडली, असं सोव्हिएत उपग्रह सांगत होते. ड्यूटीवर होता लष्करी अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव. त्याने ठरवलं, ही चुकीची सूचना आहे. बरोबर! ढगांवरून परतलेल्या उन्हाने उपग्रह फसले होते. बक्षीस काय मिळालं? नोंदवही भरली नाही म्हणून बोलणी! एका हातात फोन, दुसऱ्यात इंटरकॉम, भरणार कशी?

देशच गायब!
मे १९९१ मध्ये सर्गेई क्रिकाल्योव मीर स्थानकावर गेला तेव्हा सोव्हिएत नागरिक होता. ३११ दिवसांनी उतरला तर देश नकाशावरून पुसलेला. त्याचं लेनिनग्राड झालं होतं सेंट पीटर्सबर्ग आणि ज्या बैकोनूरहून उडाला ते आता कझाकस्तान या वेगळ्या देशात. घरी परतलात आणि दारावरची पाटी बदललेली!

आणि शेवटी गोड
ती बॉम्बची गाडी आठवतेय ना? सोयूझ रॉकेटं म्हणजे त्याच आर-७ ची लेकरं. ३ एप्रिल १९८४ ला अशाच एका लेकराच्या पाठीवर बसून आपले राकेश शर्मा वर गेले. सोबत म्हैसूरच्या संरक्षण खाद्य प्रयोगशाळेचा डबा. त्यात होता सुजीचा हलवा!

ज्या गाडीत हायड्रोजन बॉम्ब जायचा, तिच्यातून गेला आपला शिरा. 'असं झालं असतं तर' लिहिणाऱ्यांनो, हे सुचलं असतं का?