स्वामी

रणजित देसाई (१९२८–९२) यांची ऐतिहासिक कादंबरी (१९६२). पानिपतच्या पराभवानंतर (१७६१) पेशवेपदी आलेल्या माधवरावांचे चरित्र हा तिचा विषय. चुलते रघुनाथराव यांच्याशी आलेला दुरावा हे या चरित्रातील मर्मस्थान होय. आळेगावी (१७६२) पुतण्या चुलत्यास शरण गेला. राक्षसभुवनच्या लढाईत (१७६३) निजामाविरुद्ध दोघे एकत्र झाले. तथापि नासिक जिल्ह्यातील धोडप येथे (१७६८) माधवरावांना त्याच चुलत्यावर शस्त्र धरावे लागले. परचक्राने जुळविलेले घर सत्तेच्या वाटणीत पुन्हा फुटले. राजकारणातील या कठोरतेला माधवराव–रमाबाई यांच्या भावोत्कट सहजीवनाची जोड देऊन लेखकाने थेऊर येथील शोकान्त (१७७२) रंगविला आहे. साहित्य अकादेमी पुरस्कार लाभलेल्या (१९६४) या कृतीने मराठी ऐतिहासिक कादंबरीस नवी लोकप्रियता मिळवून दिली.