"शंभर टक्के खपेल, साहेब!" हे ऐकून माल भरताय? थांबा!



दिवाळी तोंडावर आली की तुम्ही सेल्समनला विचारता, "हा माल खपेल का रे?" तो म्हणतो, "शंभर टक्के, साहेब!" तुम्ही माल भरता आणि तुळशीचं लग्न झालं तरी निम्मे खोके गोदामातच. पैसा अडकला तुमचा. पोरगा खोटं बोलला का? नाही. आपणच प्रश्न चुकीचा विचारला.

माणसाच्या मनातला खरा अंदाज बाहेर कसा काढायचा, यावर अर्थतज्ज्ञ बरंच संशोधन करतात. त्यातलं एक माप हवामानखात्याच्या कामातून आलंय. १९५० साली ग्लेन ब्रायर या अमेरिकी हवामानतज्ज्ञाने ते मांडलं. अंदाज टक्क्यांत सांगायचा आणि जेवढा चुकला, त्याच्या वर्गाइतका दंड.

समजा, मनात ७० टक्के खात्री आहे आणि तेवढीच सांगितली. माल खपला तर दंड ०.०९, नाही खपला तर ०.४९. सरासरी ०.२१. पण छाती ठोकून १०० सांगितलं, तर सरासरी दंड ०.३०. म्हणजे खरं बोलणाराच फायद्यात!

मग असं बक्षीस लावलं की झालं काम? नाही ना, इथेच गंमत आहे. २०२२ मध्ये डान्झ, वेस्टरलुंड आणि विल्सन या अर्थतज्ज्ञांनी अशाच एका नियमावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. खरी शक्यता किती, हे लोकांना आधीच सांगितलं होतं. तरीही बक्षिसाचं सगळं गणित समजावलं, तेव्हा अनेकांनी आकडा ५० कडे सरकवला. "खरा अंदाज द्या, त्यातच तुमचा फायदा" एवढंच ज्यांना सांगितलं, त्यांनी चुकीचे आकडे कमी दिले.

आता तुमच्या दुकानात काय करायचं?

१. "खपेल का?" नको. "१०० खोके खपण्याची शक्यता किती टक्के?" असं विचारा.

२. प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. मालकाचा आकडा आधी कळला, की सगळे तोच सांगतात.

३. या अंदाजावर टार्गेट किंवा इन्सेंटिव्ह ठरवू नका. नाहीतर पोरगा मुद्दाम कमीच सांगणार!

४. आकडा वहीत लिहा. सीझन संपल्यावर ताडून बघा. ७० टक्के म्हटलेल्या दहा गोष्टींपैकी साधारण सात खऱ्या झाल्या, तर त्या माणसाचा अंदाज पक्का.

बिनचूक भविष्य कुणालाच सांगता येत नाही हो. पण आपल्या माणसांना नेमकं काय वाटतं, ते कळलं तरी पुढच्या दिवाळीत गोदाम थोडं रिकामं दिसेल. चला, आजच एक वही घाला!