बरोबरीच्या माणसाची सुवार्ता

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कामाला निघालेल्या माणसाला ख्रिस्ती धर्माची गोष्ट दोन वाटांनी भेटू शकते. सांगली फाट्यावर वडापची वाट बघत उभं असताना कुणी अनोळखी माणूस हातात चार पानांची पत्रिका ठेवतो, हसतो आणि पुढच्याकडे वळतो. किंवा फाउंड्रीत शेजारी साचे भरणारा, रोज डबा वाटून खाणारा जोडीदार एखाद्या दिवशी म्हणतो, "भावा, रविवारी आमच्यात येतोस काय? प्रार्थना असते." पत्रिका घडी करून खिशात टाकता येते. जोडीदाराला मात्र काहीतरी उत्तर द्यावं लागतं, आणि त्यानंतर त्याच्याच शेजारी उभं राहून अख्खी पाळी काढावी लागते.

आपल्याकडे बहुतेकांना मुळात हा प्रकारच कोड्यात टाकतो. ज्याचा देव त्याच्यापाशी, मग ही माणसं सांगत का फिरतात? ख्रिस्ती माणसाच्या लेखी हा आवडीनिवडीचा भाग नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांत पाठवतो आणि मंडळी, म्हणजे चर्च, ती स्वतःला दिलेली आज्ञा मानते. काय करावं यापेक्षा काय घडून गेलं आहे, हे कळवणं हा या धर्माचा गाभा आहे. येशू मेला, उठला आणि त्यामुळे माणसाला क्षमा मिळते, ही त्यांच्या दृष्टीने बातमी आहे. ती पोचवायच्या दोन्ही तऱ्हा बायबलमध्येच सापडतात. पौल अथेन्सच्या बाजारात येणाऱ्याजाणाऱ्याशी वाद घालतो. अंद्रिया मात्र आधी आपल्या सख्ख्या भावाला गाठतो, आणि विहिरीवरची शोमरोनी बाई घागर तिथंच टाकून गावाकडे धावते.

कोल्हापुरात ही बातमी आली ती पूर्णपणे अनोळखी माणसाच्या तोंडून. रॉयल गूल्ड वायल्डर हा अमेरिकन मिशनरी आधी अहमदनगरला होता. १८५२ साली तो कोल्हापूर संस्थानात आला. त्याच्या कारकिर्दीचे जे आकडे नोंदले गेले, ते वाचून दमायला होतं. तीन हजार गावं-शहरांत उपदेश, तीस लाख पानांच्या पत्रिका, शाळांतून तेहतीसशे विद्यार्थी आणि त्यांत तीनशेहून अधिक मुली. त्या काळात, घोड्यावरून आणि बैलगाडीतून! मुलींचा आकडा तर आजही थांबून वाचावा असा आहे. पण पत्रिकांच्या पानांच्या मानाने मंडळी लहानच राहिली. गोरा साहेब गावच्या पारावर उभा राहिला की गर्दी जमायची, हे खरं. त्या गर्दीत किती जण साहेब बघायला आले होते आणि किती जण त्याचं म्हणणं ऐकायला, हे मोजायची सोय कुठल्याच अहवालात नव्हती.

याच मिशनऱ्याच्या घरात १८६३ साली कोल्हापुरात जन्मलेला रॉबर्ट वायल्डर पुढे अमेरिकेत गेला. १८८६ मध्ये माउंट हर्मन इथल्या विद्यार्थी शिबिरात शंभर तरुणांनी परदेशी जाऊन सुवार्ता सांगायची तयारी दाखवली, त्यामागची मुख्य धडपड त्याची. त्यातून उभ्या राहिलेल्या विद्यार्थी चळवळीने पुढच्या काही दशकांत हजारो तरुण जगभर पाठवले. एका पिढीत सगळ्या जगाला सुवार्ता, असा त्यांचा ध्यास होता. जगाच्या मिशन इतिहासात कोल्हापूरचं नाव या पोराच्या जन्मगावामुळे येतं, हे कोल्हापुरातल्या फारच थोड्यांना ठाऊक असेल.

चव्हाट्यावरच्या उपदेशाचं मराठी मुलखातलं सगळ्यात गाजलेलं रूप मुंबईत दिसलं. १८५७ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे वाद समुद्रकिनारी रंगले. श्रोत्यांची ही दाटी. तोडीस तोड प्रश्न, तोडीस तोड उत्तरं. दोन्ही बाजूंनी नंतर त्याची पुस्तकं निघाली आणि जिंकलं कोण, हे ज्याच्या त्याच्या पुस्तकावर अवलंबून राहिलं. मराठी गद्याला आणि बुद्धीला या वादांनी धार आली, हे मी आनंदाने मान्य करीन. पण शंभर लोकांसमोर हरलेला माणूस घरी जाऊन मन बदलतो, असं मला वाटत नाही. तो घरी जाऊन उद्याचा मुद्दा शोधतो.

मिशनरींच्या बाजूने त्या वादांचा वृत्तांत छापणारा जॉर्ज बोवेन मात्र वेगळाच माणूस. मुंबईत आल्यावर थोड्याच काळात त्याने मिशनचा पगार सोडला आणि गरीब वस्तीत मिळेल त्या खोलीत राहू लागला. पगारी साहेबाच्या तोंडचा त्यागाचा उपदेश पोकळ वाजतो, हे त्याला उमगलं होतं. पुढची चाळीसेक वर्षं, १८८८ मध्ये मरेपर्यंत, तो मुंबईतच राहिला.

इथे मला या विषयातली कळीची गोष्ट दिसते. ओळखीचा की अनोळखी, यापेक्षा सांगणारा आणि ऐकणारा बरोबरीचे आहेत का, हे महत्त्वाचं. कवी नारायण वामन टिळकांचंच बघा. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटला. बोलणं निघालं ते संस्कृत काव्यावरून, रसिकाने रसिकाशी बोलावं तसं. उतरताना त्याने नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांना ते भाकीत हास्यास्पदच वाटलं असणार, पण पुस्तक वाचायचा शब्द दिला होता म्हणून वाचायला घेतलं आणि मत्तयाच्या पाचव्या अध्यायातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. डब्यातला तो गृहस्थ टिळकांच्या आधीच्या ओळखीचा नव्हता. म्हणजे अनोळखी माणसाने सांगूनही काम झालं! पण तो साहेब त्या वेळी टिळकांचा वरिष्ठ नव्हता, मास्तर नव्हता, डॉक्टर नव्हता. समोरच्या बाकावरचा प्रवासी होता आणि समोरच्याच्या विद्येची त्याला कदर होती.

टिळकांना हे पुढे पक्कं कळलेलं दिसतं. परक्या सुरावटीतली गीतं आणि परक्या धाटणीचे उपदेश मराठी माणसाच्या कानात शिरत नाहीत, म्हणून त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनं केली. ख्रिस्ती कीर्तनाची वाट त्यांच्या आधी नगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी पाडली होती, तिच्यावरून टिळक पुढे गेले. कीर्तनकार आणि श्रोता यांचं नातंच असं असतं की चांगला श्रोता बुवाला मध्येच अडवू शकतो. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती धरली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले, त्यामुळे हा प्रयोग वाढायला वेळच मिळाला नाही. मराठी ख्रिस्ती इतिहासातली ही माझ्या मते सगळ्यात मोठी अर्धी राहिलेली गोष्ट.

आता उलटी बाजू. शिरोलीहून सांगली फाट्याला वळून हातकणंगले, जयसिंगपूर मागे टाकलं की मिरज. तिथे विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभारलं. मिरजेला वैद्यकनगरी बनवण्यात त्या दवाखान्याचा वाटा किती, हे या भागातल्या माणसाला सांगायला नको, वॉनलेसवाडी हे नावच पुरेसं बोलतं. पण मिशनच्या दवाखान्यांत उपचारांबरोबर प्रार्थना आणि उपदेशही असे. डॉक्टरच्या मनात कसलाही सौदा नसला तरी खाटेवर पडलेला माणूस "नको" म्हणायच्या स्थितीत असतो का, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न सरकारी पातळीवर ठळकपणे विचारला तो नियोगी समितीने. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होती. निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने १९५६ मध्ये मिशनांच्या कामावर अहवाल दिला. शाळा, दवाखाने, अनाथालयं यांचा धर्मांतराचं साधन म्हणून वापर होतो, असा त्यात ठपका होता. ख्रिस्ती समाजाने तो एकतर्फी म्हणून नाकारला. गंमत अशी, की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतर केलं, तेव्हा बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्यांत स्वतः नियोगीही होते. विचार करून धर्म बदलायला त्यांचा विरोध नव्हता, एवढं तरी यावरून दिसतं.

कायद्याचं चित्र थोडक्यात असं. घटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करायचाही हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची चौकट त्याला आहे. प्रसार हा शब्द घटनेत असावा का, यावर १९४८ च्या डिसेंबरात घटना समितीत चांगलीच खडाजंगी झाली. लोकनाथ मिश्रांनी कडाडून विरोध केला. कन्हैयालाल मुन्शी शब्दाच्या बाजूने उभे राहिले आणि शब्द टिकला. पुढे १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सीमारेषा आखली. आपल्या धर्माची तत्त्वं सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नाही. जबरदस्ती, फसवणूक आणि आमिष यांविरुद्ध अनेक राज्यांनी कायदे केले आहेत, शेजारच्या कर्नाटकाने २०२२ मध्ये केला. दुसऱ्याच्या धर्माचा जाणूनबुजून अपमान हा तर देशभर गुन्हा आहे. पाहुणा म्हणून आलेल्या परदेशी माणसाला पर्यटक व्हिसावर उपदेश करत फिरता येत नाही, हेही आपल्याकडच्या मंडळ्यांच्या पाळकांनी ध्यानात ठेवलेलं बरं.

पण कायद्याच्या पुस्तकात फाउंड्रीतली पायरी येत नाही. शिरोलीत मशीनवरचा हेल्पर, ऑपरेटर, सुपरवायझर, ठेकेदार, मालक अशी उतरंड आहे. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेल्या पोराला खोली कुणी बघून दिली, उचल कुणी दिली, हजेरी कोण मांडतं, यावर त्याचं सगळं चालतं. त्याला ठेकेदाराने प्रार्थनेला बोलावलं तर ते आमंत्रण उरत नाही. यात ख्रिस्तीच कशाला, मालकाच्या सत्यनारायणाच्या वर्गणीलाही हेच लागू आहे. माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्या हातात दुसऱ्याची रोजी आहे, त्याने कामाच्या जागी आपल्या श्रद्धेबद्दल विचारल्याशिवाय बोलू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता. अशा वेळी जेवणाच्या पाकिटात पत्रिका घालायचा मोह कुणालाही व्हावा, पण भुकेल्या माणसाला काय वाचतोय हे निवडता येत नाही. पाकीट द्यावं, आणि पुढे त्याने विचारलं तर सांगावं.

शेजारच्या मशीनवरच्या मित्राची गोष्ट वेगळी. दोघांचा पगार एक, दोघांनाही भट्टीची धग तीच. इथे साक्ष देणाऱ्याची खरी परीक्षा असते. अनोळखी माणसाला पत्रिका देणाऱ्याचं आयुष्य कुणी तपासत नाही. मित्राला मात्र ठाऊक असतं की हा बापाशी कसा वागतो, उधार परत करतो का, रिजेक्शनचा दोष हेल्परवर ढकलतो का. अनेक ख्रिस्ती तरुणांना रस्त्यावर उभं राहणं जमतं आणि मित्राशी बोलताना जीभ अडखळते, त्याचं कारण लाज हे क्वचितच. आपला हिशेब समोरच्याकडे आहे हे त्यांना माहीत असतं. आणि मित्र उलट प्रश्न विचारतो, घरचा देवारा काढायचा का, जोतिबाच्या यात्रेला यायचं नाही का, लग्नात अक्षता टाकायच्या की नाही. या प्रश्नांची उत्तरं पत्रिकेत छापलेली नसतात, आणि सगळ्या मंडळ्यांचं त्यांवर एकमतही नाही.

मित्राने "नको" म्हटलं तर? जुन्या करारातली, नव्या करारातली कितीही वचनं पाठ असली तरी याचं उत्तर नारायण वामनांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांकडून घ्यावं. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या उन्मळून पडल्या, वेगळ्या राहिल्या. सोवळंओवळं सांभाळतच त्या परत त्यांच्यापाशी आल्या, आणि टिळकांनी पाणी कुणाच्या हातचं प्यायचं हे त्यांच्यावर लादलं नाही. जातिभेद देवाने केलेला नाही, हा विचार लक्ष्मीबाईंना स्वतःचा स्वतः सुचला. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली. इतक्या जवळच्या, इतक्या वाक्पटू माणसालाही घरातल्या माणसासाठी पाच वर्षं थांबावं लागलं. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा सगळा प्रवास इतक्या खट्याळपणे आला आहे, की ख्रिस्ती नसलेल्या मराठी घरांनी तो पिढ्यान्‌पिढ्या वाचला. त्यातल्या फार थोड्यांनी धर्म बदलला असेल. पण ख्रिस्ती घर आतून कसं असतं, तिथे भांडणं कशी होतात आणि प्रार्थना कशी होते, हे महाराष्ट्राला तीस लाख पानांच्या पत्रिकांपेक्षा या एका बाईने जास्त सांगितलं, आणि तेही कुणाला कुठे बोलावलं नसताना.