विंचूदंश आणि हृदयाचे ठोके

मोहोराच्या दिवसांत आभाळ भरून आले की आंबा बागायतदाराच्या छातीत धडधडू लागते. हा ताणाचा परिणाम होय. अशा वेळी मूत्रपिंडांवरील ग्रंथी व मज्जातंतू अॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये सोडतात. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात ठोक्यांची लय ठरविणारे केंद्र असते. एरवी ते मिनिटाला ६० ते १०० ठोके देते. या द्रव्यांमुळे त्याचा वेग वाढतो, कधी एखादा ठोका चुकल्यासारखाही वाटतो. काळजी सरली की बहुधा लय पूर्ववत होते. मात्र हीच द्रव्ये पुराच्या लोंढ्यासारखी एकदम रक्तात आली तर जीव धोक्यात येतो. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने नेमके हेच घडते.

विष काय करते?

मोठा काळा विंचू दिसायला भयंकर असतो, परंतु आकाराने लहान असलेला लाल विंचू त्याहून फार विषारी आहे. त्याचे विष मज्जातंतूंना सतत उत्तेजित ठेवते. सुरुवातीला भरपूर घाम, उलट्या व लाळ सुटते. काही वेळा ठोके मंदावतात. त्यानंतर अॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा जोर होतो. रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, ठोके जलद किंवा अनियमित होतात. हृदय थकले म्हणजे फुप्फुसात पाणी साचते व धाप लागते. लहान मुलांना हा धोका अधिक असतो.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दंशाच्या जागी तीव्र वेदना आहेत, पण हातपाय उबदार आहेत, असा रुग्ण बहुधा गंभीर नसतो. याउलट वेदना फारशी नाही, पण घाम, उलट्या आणि गार हातपाय आहेत, ही धोक्याची खूण होय. "आता दुखत नाही" म्हणून निर्धास्त राहू नये.

महाडचे संशोधन

रत्नागिरीला लागून असलेल्या रायगड जिल्ह्यात महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांचा अभ्यास केला. रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरील भार हलका करते, हे त्यांनी उपयोगात आणले. त्यांचे निष्कर्ष १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. या उपचारानंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. पुढे विंचूविरोधी लसही उपलब्ध झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ७० रुग्णांच्या चाचणीत केवळ प्राझोसिन दिलेल्यांना बरे होण्यास सरासरी १७.७ तास लागले, तर लस व प्राझोसिन दोन्ही दिलेल्यांना ८ तास. डॉ. बावस्कर यांना २०२२ साली पद्मश्री देण्यात आली.

दंश झाल्यास काय करावे?

१. रुग्णाला धीर द्यावा व आडवे ठेवावे. घाबरल्याने ठोके आणखी वाढतात.
२. अंगठी, बांगड्या काढाव्यात. जखम कापू नये, आवळपट्टी बांधू नये.
३. मंत्र किंवा झाडपाल्यात वेळ न घालविता जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.
४. प्राझोसिन स्वतःहून देऊ नये. औषध दिल्यावर रुग्णाने एकदम उठू नये, रक्तदाब उतरून चक्कर येते.

प्रतिबंध

गडग्याचे चिरे, लाकूडफाटा व पेंढा हलविताना हातमोजे व बूट वापरावेत. चपला, कपडे व अंथरूण झटकून घ्यावे. रात्री बत्तीशिवाय बाहेर पडू नये. घराच्या भिंतीलगत दगड, विटा रचून ठेवू नयेत.

विंचू चावला नसतानाही वारंवार धडधड होत असेल, त्यासोबत चक्कर येत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर "ताण आहे" म्हणून अंगावर काढू नये. डॉक्टरांकडून हृदयाचा आलेख काढून घ्यावा. बागेची काळजी घेणाऱ्याने हृदयाचीही काळजी घ्यायला हवी.