रिळाची किंमत आणि माशाची धाव

पिसांची नकली माशी गळावर बांधून ट्राउट पकडायचा फ्लाय फिशिंगचा छंद इंग्लंड-अमेरिकेत जुना आहे आणि चांगलाच खर्चिकही. त्यासाठी लागणारं रीळ तीस-चाळीस डॉलरला मिळतं आणि हजार डॉलरच्या पुढेही जातं. दोन्ही रिळं करतात काय, तर दोरी गुंडाळून ठेवतात. मग मधल्या साडेनऊशे डॉलरमध्ये नेमकं काय विकत मिळतं? नेहमीच्या गळाच्या मासेमारीत टोकाचं वजन हवेत झेपावतं आणि रिळावरची दोरी ओढून नेतं, त्यामुळे फेक चांगली पडण्यात रिळाचा मोठा वाटा असतो. फ्लाय फिशिंगमध्ये माशीला वजन जवळजवळ नसतंच. प्लास्टिकचा लेप दिलेली जाड दोरी स्वतःच्या वजनाने तिला घेऊन जाते, आणि ती दोरी मासेमाराने आधीच हाताने रिळावरून काढून घेतलेली असते. फेकताना रीळ काठीच्या बुडाशी स्वस्थ बसून असतं. महागड्या रिळाने माशी वीतभरही लांब पडत नाही, तेव्हा सगळा हिशेब मासा गळाला लागल्यानंतरचा आहे.

मासा पळतो तेव्हा दोरी सुटत जाते आणि रिळातला ब्रेक, म्हणजे ड्रॅग, तिला विरोध करतो. माशाची ताकद इथे घर्षणात खर्च होते आणि तिची उष्णता होते. ही उष्णता मोजणं अवघड नाही. ओढ्यातला अर्धा किलोचा ट्राउट बहुतेक वेळा हातानेच दोरी ओढून काठाशी आणला जातो, रीळ फिरतही नाही. समजा फिरलंच, आणि 300 ग्रॅमच्या ओढीवर त्याने 10 मीटर दोरी नेली, तरी ब्रेकमध्ये जेमतेम 30 जूल ऊर्जा जिरते. आता फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचा टार्पन हा मोठा समुद्री मासा घ्या. उथळ, मोकळं पाणी, अडवायला ना खडक ना काठ. दोन किलोच्या ओढीवर तो एका दमात 150 मीटर गेला, तर 3000 जूल, म्हणजे शंभरपट. पाव किलोच्या अ‍ॅल्युमिनियमच्या रिळात ही सगळी उष्णता साठली तर अख्खं रीळ तेरा अंशांनी तापेल. प्रत्यक्षात ती आधी ब्रेकच्या पातळ चकत्यांवर निर्माण होते, त्यामुळे तिथलं तापमान त्याहून बरंच चढतं. एकाच दुकानात एकाच कपाटात मांडलेली रिळं इतक्या वेगळ्या कामांसाठी असतात, ही गोष्ट किमतीच्या चिठ्ठीवरून कळत नाही.

जाहिराती भर देतात तो ब्रेकच्या जोरावर: अमुक रीळ दहा किलोची ओढ धरतं, तमुक पंधरा. हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. दोरीच्या टोकाला टिपेट नावाचा बारीक धागा असतो आणि सगळ्या साखळीत तोच सर्वांत कच्चा दुवा. बिली पेट यांनी 1982 मध्ये फ्लोरिडातल्या होमोसासा इथे 188 पौंडांचा, म्हणजे सुमारे 85 किलोचा टार्पन पकडून विक्रम केला, तो 16 पौंडांच्या टिपेटवर. रूढ प्रथेप्रमाणे ब्रेक धाग्याच्या ताकदीच्या पाव पटीवर लावायचा म्हटलं, तर तो दोन किलोच्याही आत येतो. पंधरा किलोचा ब्रेक लावणार कुठे? महत्त्वाचा गुण वेगळाच आहे आणि तो घर्षणाच्या स्वभावात दडलेला आहे. जड कपाट जागचं हलवायला जितका जोर लागतो, त्याहून कमी जोरात ते पुढे सरकत राहतं. स्थितिक घर्षण गतिक घर्षणापेक्षा बहुधा जास्त असतं, ते असं. ब्रेकमध्ये हा फरक मोठा असेल, तर फिरताना दोन किलोवर सुटणारी दोरी सुरुवातीला तीन-चार किलोचा हिसका देते. मासा थांबतो, पुन्हा पळतो, दर वेळी हिसका बसतो, आणि एखाद्या वेळी गाठ तुटते. टेफ्लॉनमध्ये हा फरक फार थोडा असतो. कार्बन फायबरच्या चकत्या नीट बनवल्या तर उत्तम चालतात. गंमत म्हणजे टिबॉरसारखी नावाजलेली महाग रिळं आजही ब्रेकसाठी बूच, म्हणजे कॉर्कच्या झाडाची साल वापरतात! पैसे मोजायचेच असतील तर ते या गुळगुळीत सुरुवातीसाठी. त्याला जोड हवी रुंद गाभ्याच्या स्पूलची, म्हणजे दोरी गुंडाळली जाते त्या चकरीची. ब्रेकचं आघूर्ण तेच राहतं, पण दोरी सुटून वेटोळ्याची त्रिज्या निम्मी झाली की धाग्यावरची ओढ दुप्पट होते. वर पाण्यात पसरलेल्या दोरीचा अवरोध असतोच. गाभा मुळातच रुंद असेल तर ही वाढ आटोक्यात राहते. मात्र ही निव्वळ भूमिती आहे, आणि भूमितीला जास्त पैसे पडत नाहीत. स्वस्त रिळांनीही ती केव्हाच उचलली आहे.

यावर जाणकार म्हणतील की ट्राउटचा धागा तर आणखी नाजूक, मग गुळगुळीत ब्रेकची गरज तिथेच जास्त नाही का? आक्षेप रास्त आहे. पाच-एक्स टिपेटची जाडी 0.15 मिलिमीटर, ताकद दोन किलोच्या आसपास. पण इतक्या हलक्या ओढीत धाग्याला धोका ब्रेकपेक्षा स्पूलच्या जडत्वाचा अधिक. मासा झटक्यात वेग घेतो तेव्हा स्पूललाही तितक्याच झटक्यात फिरावं लागतं, आणि ते जड असेल तर धागाच ते ओढत बसतो. म्हणजे इथे हवं हलकं स्पूल. अमेरिकेतल्या चार्ल्स ऑर्व्हिस यांनी 1874 मध्ये ज्या रिळाचं पेटंट घेतलं त्याच्या बाजूंना भोकं पाडलेली होती, त्याने वजनही घटलं आणि दोरीही लवकर वाळू लागली. इंग्लंडमध्ये अ‍ॅनिकच्या हार्डी बंधूंचं 'परफेक्ट' रीळ 1891 मध्ये आलं. त्याचा सगळा विरोध स्प्रिंग आणि दात्यांच्या टकटकीवर चालतो, जास्त हवा तर स्पूल हातानेच आवरायचं. ट्राउटसाठी ही रचना पुरेशी होती आणि आजही आहे. नाजूक धाग्याला काठीची लवचीकता वाचवते, तीही बऱ्याच अंशी फुकट.

दुसरा आक्षेप टिकाऊपणाचा, आणि तो समुद्रापुरता मला पूर्ण मान्य आहे. खारं पाणी आणि वाळूचा कण ब्रेकमध्ये शिरला की स्वस्त रिळाचा जीव संपत येतो. साच्यात ओतलेल्या धातूत बारीक पोकळ्या राहतात. अखंड अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यातून यंत्रावर कोरलेलं, अ‍ॅनोडाइज केलेलं, बंदिस्त ब्रेकचं रीळ जास्त काळ सरळ फिरतं, आणि त्यात बराचसा धातू भुशात जातो म्हणून ते महागही पडतं. गोड्या पाण्यात मिठाचा हा शत्रूच नाही. शंभर वर्षांपूर्वीची हार्डी रिळं आजही चालतात, कारण त्यांत बिघडण्यासारखं फारसं काही नाही. मधली जागा आहे ती आपल्या महसीर माशाची. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात ज्याची पैदास होते, त्या कुळातला हिमालयी महसीर उत्तराखंडात रामगंगेच्या वेगवान धारेत माशीवर घेतला जातो, आणि प्रवाहासोबत पळाला की दोरी झरझर संपवतो. त्याच्यासाठी चांगला ब्रेक हवा, पण समुद्री बंदिस्तपणाचे पैसे टाकायची गरज नाही. पाच-सहाशे डॉलरच्या पुढे मात्र माशाला कळेल असं फारसं काही वाढत नाही. वाढतात ते रंग, कोरीवकाम, नाव, आणि कमी संख्येने बनवणाऱ्या कारखान्याची मजुरी. ते कुणाला आवडत असेल तर घ्यावं, घड्याळंही लोक वेळ पाहण्यापुरतीच घेत नाहीत.

किमतीकडे न पाहता रीळ पारखायचं असेल तर दुकानातच एक सोपा प्रयोग करता येतो. ब्रेक एक किलोच्या आसपास लावायचा, दोरीला स्प्रिंगचा काटा अडकवायचा आणि हळूहळू ओढायचं. स्पूल हलण्याच्या क्षणी काटा कुठवर चढला आणि फिरू लागल्यावर कुठे स्थिरावला, हे दोन आकडे बघायचे. मग दोरी अर्धी काढून पुन्हा तेच, आणि ब्रेक ओला करून आणखी एकदा. दोन आकड्यांतलं अंतर तिन्ही वेळा थोडंच राहिलं तर रीळ दोनशे डॉलरचं असलं तरी टार्पनसमोर न्यायला हरकत नाही. ओढ्यावरच जायचं असेल तर हा प्रयोगही नको. स्पूल हलकं आहे का एवढं पाहावं, आणि उरलेले पैसे चांगल्या दोरीवर घालावेत, कारण माशी पाण्यावर कुठे आणि कशी पडणार हे ती ठरवते.